कणगीच्या तळचा अजगर

मला राग लवकर येतो. वर्गात कुणी जांभई दिली तरी येतो, आणि दाबलेली दिसली तर जास्त येतो. आमचे हे म्हणतात, "रोहिणी, तुझ्या डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघेल." मी परळीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे राग काढायला मुलं आयतीच मिळतात. पण साखराबाईवर मी एकदा भर सभेत तडकले होते आणि त्या दिवशी चूक तिची नव्हती, माझी होती. ती कशी उघडी पडली तेच इथे लिहिते आहे. लपवून उपयोग नाही, सगळ्या गावाने पाहिली आहे.

साखराबाई राहते बोरखेडीत. सिरसाळ्याहून आत सात किलोमीटर, बालाघाटच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं ऐंशी उंबऱ्यांचं गाव. वय विचारलं तर ती म्हणते, "साठीच्या अल्याड-पल्याड, तुमी धरा तुमाला सोयीचं वाटंल तसं." नवरा सटवा शेळ्या राखतो. तो बोलतो कमी, पण बोलला की नेमकं नको ते बोलतो. मुलगा रामेश्वर, सून विजयमाला आणि एकुलती एक नात सायली. सायली सध्या माझ्याच वर्गात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शेवटच्या बाकावर बसते आणि जांभई देत नाही.

साखराबाईने आयुष्याचे बावीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की सटवा आणि ती गाडीत संसार भरून निघायची. कधी सांगलीकडे, कधी कोल्हापूरकडे, चार-पाच वर्षं तर कर्नाटकात. उसाचा फड चारी बाजूंनी तोडत आणला की आतले सगळे जीव सरकत सरकत मधल्या शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. ससा असतो, मुंगूस असतं, रानमांजर असतं आणि साप तर असतोच. म्हणून ती शेवटची पात तोडायला कुणी तयार नसतं. साखराबाई मात्र ती मागून घ्यायची.

"कावून घ्यायच्या तुमी?" असं मी तिला एकदा तिच्याच भाषेत विचारलं.

"आवं, बाकीच्या पाती निस्ता ऊस. शेवटच्या पातीत गंमत."

ती तोडायच्या आधी कोयत्याच्या मुठीने जमिनीवर ठोके द्यायची आणि थांबायची. जीवांना निघून जायला वेळ द्यायची. मुकादम ओरडायचा, टोळीतली माणसं "काय बे सटवा, तुझी बायको सापाला रजा द्यायलीय का" म्हणून हसायची. सटवा म्हणायचा, "मला सुद्दा कदी दिली न्हाई, त्याला देती." पण बावीस हंगामांत त्यांच्या टोळीतल्या एकाही माणसाला साप चावला नाही, हेही तितकंच खरं.

त्या ठोक्यांनंतरच्या शांततेत तिने साप पाहिले. हात न लावता, लांब उभं राहून, नुसते जाताना. आणि जाताना पाहिले म्हणूनच बहुतेक, तिने त्यांची वर्गवारी जाण्याच्या तऱ्हेवरून केली. आम्ही सापांचे दात, खवले, हाडं बघून कुळं पाडतो. साखराबाईच्या कुळांची नावं वेगळी. धामण आणि तिच्यासारखे सगळे 'पळपुटे'. नाग 'मानकरी', कारण तो आधी उभा राहून मान मागतो आणि मग जातो. घोणस 'भांडखोर', ती जागची हलत नाही, पण कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. मण्यार 'चोर'. आणि शेवटचे 'निवांत', ज्यांना तुम्ही आहात का नाहीत याचं काही पडलेलं नसतं. त्यात डुरक्या घोणस, मांडूळ आणि अजगर.

मी ही यादी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसले होते. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर डुरक्या, मांडूळ आणि अजगर हे तिघंही एकमेकांच्या जवळच्या नात्यातले मानले जातात, असं मीच मुलांना शिकवत होते. डुरक्याच्या नावात घोणस आहे, अंगावर घोणशीसारखे ठिपके आहेत, पण विष नाही आणि घोणशीशी सोयरीकही नाही. लोक फसतात आणि त्याला मारतात. साखराबाई फसत नव्हती.

एकच साप कुठे कोणत्या नावाने ओळखला जातो, हेही तिला पाठ. मांडूळ कुठे दुतोंड्या होतो, अजगराला कर्नाटकात हेब्बावु म्हणतात आणि कोकणातून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याला 'आर' म्हटलं होतं, हे ती पोरींची माहेरची-सासरची नावं सांगावीत तसं सांगते. अजगर तिने कोल्हापूरकडे तीन वेळा पाहिला. आणि चौथा पाहिला तो बोरखेडीत, स्वतःच्या गावच्या ओढ्याला, करवंदाच्या जाळीखाली.

भांडण या चौथ्याचं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. ती जळणाला गेली होती, जाळीखाली तो पसरलेला दिसला, "कोल्लापूरच्यापेक्षा काळपट, पर तोच". ती बसून राहिली, तो बसून राहिला. शेवटी तीच उठली, कारण भाकरी टाकायच्या होत्या. आठ दिवसांनी त्याच जाळीला त्याची कात मिळाली, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. तिने ती पदरात गुंडाळून घरी आणली आणि कणगीत ठेवली.

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली धान्याची मोठी टोपली, माणसाच्या छातीइतकी उंच. त्या घरची पद्धत अशी की सापाची कात सापडली की ती कणगीत टाकायची. उंदीर फिरकत नाहीत, असं म्हणतात. त्या वर्षी कणगी नवीन केली होती, म्हणून ही मोठी कात सगळ्यांत आधी तळाला अंथरली गेली, वर लिंबाचा पाला आणि त्यावर ज्वारी. आणि दुसरी पद्धत अशी की कणगी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही. तळाच्या दोन पायल्या राहू द्यायच्या. घरातलं धान्य संपलं असं लक्ष्मीला दिसता कामा नये. त्यामुळे दरवर्षी वरची ज्वारी बदलायची, तळची तशीच राहायची, आणि तिच्याखाली ती कात.

पाच वर्षांपूर्वी नागपंचमीला बोरखेडीच्या शाळेने मला 'साप: समज आणि गैरसमज' या विषयावर बोलायला बोलावलं. सायली तेव्हा त्या शाळेत होती. तिने सरांना सांगितलं, माझ्या आजीने अजगर पाहिलाय, आमच्याकडे कात पण आहे. सर म्हणाले, आण. पोरगी धावत घरी गेली. साखराबाई आधीच सभेला येऊन पुढे बसली होती, घरी विजयमाला एकटी. तिने कणगीत हात घातला, वरच जी कात हाताला लागली ती दिली. तिच्या दृष्टीने कात ती कात. सापाने टाकून दिलेली वस्तू, तिच्यात काय निवडायचं?

माझ्या हातात ती आली आणि मला आनंदच झाला. खरं सांगायचं तर मी तोपर्यंत जिवंत साप फक्त काचेआड पाहिला होता. अजगरांचं वर्गीकरण हा माझा आवडता विषय, पण तो सगळा पुस्तकांतला आणि छापील तक्त्यांतला. इथे अख्ख्या गावासमोर मला माझं ज्ञान वापरायची संधी मिळाली. मी कातीवरून बोट फिरवलं. शेपटीकडे खरखरीत लागली. अजगराची कात गुळगुळीत असते, प्रत्येक खवला सपाट. खरखरीत, आखूड, बोथट शेपटीची, म्हणजे डुरक्या घोणस. मी माइकवर सांगून टाकलं, "ही अजगराची कात नाही. या भागात अजगर नाहीच. मावशींनी डुरक्या पाहिला असणार. सामान्य माणसं अशी नेहमी फसतात."

साखराबाई उभी राहिली. "मॅडम, ती कात ही न्हाई."

"मग खरी आणा की मावशी."

"ती कणगीच्या तळाला हाय."

"मग काढा."

"कणगी रिकामी करत न्हाईत आमच्यात."

सगळी सभा हसली. आणि मी? मला वाटलं, ही बाई माझ्याशी पळवाटा काढून भांडते आहे. माझा पापड भाजला. मी म्हणाले, "पुरावा दाखवायचा नसेल तर दावाही करू नये. शास्त्रात असं चालत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साखराबाई खाली बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

पुढे काय झालं ते मला पाच वर्षं माहीतच नव्हतं. शाळेसमोर हॉटेल चालवणाऱ्या हनुमानने दुसऱ्याच दिवशी गावाला एक नवा वाक्प्रचार दिला. कुणी मोठी थाप मारली की तो भज्यांचा घाणा काढता काढता म्हणायचा, "कणगीतला अजगर का बे?" मुलाला नोकरी लागणार म्हणून कुणी सांगितलं, कणगीतला अजगर. पुढच्या महिन्यात रस्ता होणार, कणगीतला अजगर. म्हणता म्हणता तो सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत पोचला. त्याचं तिला फार वाटलं नसतं, ती चेष्टेला चेष्टेने उत्तर देणारी बाई. पण लोकांनी तिला साप निघाल्यावर बोलावणंही बंद केलं. आधी कुठे गोठ्यात, कडब्यात साप दिसला की "काकूला बोलवा" व्हायचं, ती लांबून बघून सांगायची, जाऊ द्या किंवा सर्पमित्राला फोन लावा. आता थेट काठ्या निघायच्या. ज्या बाईला अजगर आणि डुरक्या कळत नाही, तिला घोणस काय कळणार? पाच वर्षांत गावात किती निरुपद्रवी जीव गेले हे तिच्याकडून मी नंतर ऐकलं. तेवढं सांगताना मात्र तिचा आवाज बदलला होता. "मला हसा, पर त्यांला कावून मारता," ती म्हणाली.

आता या वर्षीचं. जानेवारीत मी दुसऱ्या वर्षाला वर्गीकरण शिकवत होते आणि माझ्या लाडक्या उदाहरणावर आले होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आणि न्यू गिनीच्या बेटांवर एक लांबसडक अजगर राहतो, त्याला स्क्रब पायथन म्हणतात. तिथला सर्वांत लांब सापांपैकी एक. कितीतरी वर्षं त्या सगळ्या बेटांवरचा तो एकच प्रकार मानला जायचा. मग सन दोन हजारच्या सुमारास काही संशोधकांनी जगभरच्या संग्रहालयांत बरण्यांमध्ये ठेवलेले जुने नमुने काढले, खवले मोजले, रंग आणि ठिपके ताडून पाहिले आणि म्हणाले, हा एक नव्हे, हे निदान पाच आहेत. या बेटाचा वेगळा, त्या बेटाचा वेगळा, ऑस्ट्रेलियातला वेगळा. सगळ्यांना ते अजून पटलेलं नाही, वाद चालूच आहेत. "म्हणजे पुरावा कायम तिथेच होता," मी रंगात येऊन म्हणाले, "फक्त कुणी बरणी नीट उघडून पाहिली नव्हती!"

शेवटच्या बाकावरून हात वर आला. सायली.

"मॅडम, मग आमची कणगी बी उघडू या का?"

वर्ग हसला. मला काही कळेना. तासानंतर तिने सगळं सांगितलं. आईने वरची कात दिली होती, हे तिला स्वतःला मोठी झाल्यावर समजलं. आजी पाच वर्षं गप्प आहे. आणि आता घरकुल मंजूर होऊन नवं घर बांधून झालंय, जुनं घर पाडायचंय, नव्या घरात नवी कणगी केलीय, जुनी मोडायची आहे. भरलेली कणगी मोडता येत नाही. म्हणजे आता ती रिकामी करावीच लागणार. "पण आजी म्हणती, त्या मॅडम समोर असल्याबिगर तळ काढायचा न्हाई. मागून म्हणतील, कुठून तरी आणून ठेवली."

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझा राग कुणावर काढावा ते समजेना. दोन रात्री धड झोप लागली नाही, हेही सांगून टाकते.

रविवारी सकाळी मी बोरखेडीत पोचले तर अंगणात लग्नघरासारखी गर्दी. हनुमानने हॉटेल बंद ठेवून चहाचं पातेलंच तिथे आणलं होतं. माणसं त्याला म्हणत होती, "हनुमान्या, आज तुझा अजगर निघतोय का बघ." साखराबाई हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती. मला बघून हसली, पाणी दिलं, पाच वर्षांचं काही चेहऱ्यावर नाही. मग हळूच मला आत घेतलं आणि कणगीवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, नसली तर?"

"म्हणजे?"

"बारा वर्सं झाली. धान्यातले पोरकिडे असतात, उंदरं असतात. मी पाह्यलं हे मला ठावं हाय. पर कातीनं माझ्यासाठी टिकून कावून ऱ्हावं? नसली तर आता मी मरस्तवर थापाडी."

मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला. तो हात कोयत्याने असा झाला होता की माझाच मला लोण्याचा वाटला.

आधी रीत झाली. विजयमालाने नव्या घरातल्या नव्या कणगीत पाच मुठी ज्वारी टाकली, म्हणजे घर क्षणभरही धान्याविना राहायला नको. मग रामेश्वरने जुन्या कणगीतून पायलीने ज्वारी काढायला सुरुवात केली. माघात कणगी तशीही खाली गेलेली असते. वरची ज्वारी संपली, मग जुनी लागली, पिठूळ, पिवळट. मग रामेश्वर कमरेतून वाकला. मग त्याचे फक्त पाय दिसायला लागले. आतून आवाज आला, "पाला लागला, माय."

"हळू. फाडशील."

सगळं अंगण दारात गोळा झालं. सटवाच्या शेळ्यांनीही माना वर केल्या, निदान मला तसं वाटलं.

रामेश्वर वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर ती होती. वाळलेल्या लिंबाच्या पाल्याने माखलेली, साडीची घडी घालावी तशी घडी घातलेली. साखराबाईने बारा वर्षांपूर्वी घातलेली घडी. आम्ही अंगणात घोंगडं अंथरलं आणि मी, सायली आणि साखराबाई अशा तिघींनी ती हळूहळू उलगडली. उलगडतच राहिलो. घोंगडं संपलं, दुसरं आणावं लागलं. एका कडेला उंदराने कुरतडलं होतं, पण डोकं शाबूत होतं आणि शेपूटही. फुटपट्टी लावली तर साडेनऊ फूट भरली. कात ताणलेली असते, साप त्याहून थोडा लहान असणार, पण डुरक्या अडीच-तीन फुटांच्या वर जात नाही.

मी बोट फिरवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत गुळगुळीत.

मी डोक्याच्या भागाखाली भिंग धरलं. वरच्या ओठाच्या पुढच्या खवल्यांत छोटे खड्डे होते. उष्णता हेरायचे खड्डे, जे मी शेकडो वेळा फळ्यावर काढले होते आणि आयुष्यात कधी बोटाखाली घेतले नव्हते. माझे डोळे भरून आले. शास्त्रज्ञाने असं रडू नये म्हणतात, पण मी रडले.

"खवले मोजायचे," मी म्हणाले. अंगाच्या मध्यभागी आडव्या ओळीत खवले किती, यावरून बरंच कळतं. घोणशीला तिशीच्या आसपास, डुरक्याला चाळीस ते पन्नासच्या घरात, अजगराला साठच्या पुढे. मी टाचणी घेऊन मोजायला लागले आणि मागून बायका मोठ्याने माझ्याबरोबर मोजायला लागल्या. तिशी ओलांडली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "घोणस गेली." पन्नास ओलांडले तेव्हा "डुरक्या बी गेला!" असा ओरडा झाला. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. चौसष्टला टाचणी दुसऱ्या कडेला टेकली आणि अंगणात जो गलका झाला, तो ऐकून शेजारच्या वस्तीवरची माणसं काय झालं म्हणून धावत आली.

मी उभी राहिले. माइक नव्हता, पण माझ्या आवाजाला तो लागत नाही. मी म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी याच गावात मी सांगितलं होतं की इथे अजगर नाही आणि मावशी फसल्या. मावशी फसल्या नव्हत्या, मी फसले होते. ही अजगराची कात आहे. मी तुम्हां सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते." आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "आवं, हे काय करता, पायाला ज्वारीचं पीठ लागलंय."

मग माझे खांदे धरून तिने मला उभं केलं आणि जे बोलली ते मी अजून विसरलेले नाही. रागाने नाही बोलली, मुलांना पाढे सांगावेत तसं सांगितलं. "तुमी चुकल्या न्हाईत, मॅडम. त्या दिशी तुमच्या हातात डुरक्याचीच कात होती, तुमी बरूबर वाचली. फकस्त जे हातात नव्हतं, ते बी न्हाईच म्हणून सांगितलं."

एवढं माझ्या कुठल्याही पदवीच्या अभ्यासात मला कुणी शिकवलं नव्हतं.

वातावरण जड व्हायला लागलं ते साखराबाईलाच सहन झालं नाही. ती म्हणाली, "बरं, आता हे सांगा. आपल्याकडचा काळपट, कोल्लापूरचा पिवळसर. मंग आपला येगळ्या जातीचा का?"

मी तिला बेटांवरच्या अजगरांची गोष्ट सांगितली. एकाचे पाच झाले ती. तिने तोंडाला पदर लावला. "मंग एवढी वर्सं ती चार बिननावाचीच हिंडली म्हणा की."

"हिंडली. पण मावशी, नुसत्या रंगावरून जात वेगळी करता येत नाही. एकाच जातीत रंग कमी-जास्त असतात."

"ते खरं हाय. माझ्या दोन लेकरांचा रंग बी येगळा, बाप एकच."

"आता हे कशाला काढलंस सगळ्या गावात?" कोपऱ्यातून सटवा म्हणाला. त्या सकाळचं त्याचं हे पहिलं वाक्य. हनुमानच्या हातातून चहाची किटली पडता पडता राहिली.

कातीचं काय करायचं, यावर मात्र आमचं खरं भांडण झालं. मला ती कॉलेजच्या संग्रहालयात हवी होती. या डोंगरात अजगर आहे याचा एवढा चांगला पुरावा उंदरांच्या तोंडी का ठेवायचा? साखराबाई म्हणाली, नवी कणगी काय मोकळ्या तळाची भरायची? शेवटी सायलीने तोड काढली. पाच वर्षांपूर्वी मी डुरक्याची ती कात 'नमुना' म्हणून कॉलेजात नेली होती, तिच्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात ठेवली होती. ती परत द्यायची, आणि ही घ्यायची. साखराबाईला सौदा पटला. "डुरक्या बी निवांतच कुळातला. उंदरांला काय कळतंय?"

वनखात्याला रीतसर पत्र लिहून, त्यांची परवानगी येईपर्यंत महिना गेला. तोवर ज्वारीच्या काढणीचे दिवस आले होते आणि नवी कणगी भरायची होती. अजगराची कात मी कॉलेजात नेऊन लावली आणि ठरलेल्या दिवशी गाडी पाठवली आणि साखराबाई, सटवा, सायली असे तिघं कॉलेजात आले. साखराबाईने प्रयोगशाळेतल्या बरण्यांकडे, हाडांच्या सापळ्याकडे, भिंतीवरच्या तक्त्यांकडे एकेक करून पाहिलं. सटवा सापळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "ह्यो खंगलाय लई." मी डुरक्याची कात तिच्या हाती दिली, तिने ती ओळखली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

मग मी तिला कपाटासमोर नेलं. साडेनऊ फुटांची कात आता काचेमागे लांबच लांब पसरलेली होती आणि खाली चिठ्ठी. अशा चिठ्ठीवर काय लिहायचं याची पद्धत ठरलेली असते: प्राण्याचं नाव, कुठे सापडला, कधी सापडला, कुणी आणला. आणि शेवटी एक ओळ असते, जात कुणी ओळखली. ती ओळ तज्ज्ञाची असते. त्या ओळीत स्वतःचं नाव यावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं घासतात. मीही घासलं आहे.

साखराबाईला वाचता येत नाही. सायलीने वाचून दाखवलं. "भारतीय अजगर. बोरखेडी, ओढ्याकाठची करवंदाची जाळी. आणली, साखराबाई सटवा. जात ओळखली..." सायली थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाचलं, "साखराबाई सटवा."

ती काचेजवळ सरकली. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं, जरा चुकून वरच्या ओळीवर पडलं, सायलीने ते खाली सरकवलं.

"मंग हितं तुमचं नाव कुठं हाय, मॅडम?"

"चौसष्ट खवले मोजले, ते माझं काम होतं, मावशी. ओळखलं तुम्ही होतं, बारा वर्षांपूर्वी."

तेवढ्यात सायलीचा फोन वाजला. बोरखेडीहून हनुमान. फोन स्पीकरवर नव्हता तरी त्याचा आवाज प्रयोगशाळाभर ऐकू येत होता. हॉटेलच्या मागे जळणात साप निघालाय, ठिपक्याठिपक्यांचा, माणसं काठ्या घेऊन उभी आहेत, पण हनुमानने कुणाला त्याला हात लावू दिलेला नाही. "काकू कवा येत्यात इचार!"

साखराबाईने फोन घेतला. "फुसकारतोय का?"

"न्हाई काकू. निस्तं तोंड मातीत खुपसून पडलाय."

"मंग काठ्या ठिवा खाली. डुरक्या हाय. त्याला जायला वाट द्या अन् तुमी जरा लांब बसा. मी आलेच."

फोन सायलीला देऊन ती पुन्हा काचेकडे वळली. गाडी खाली उभी होती, सटवा दारात जाऊन घाई करायला लागला होता. साखराबाईने पदराने चष्मा पुसला, तो तिला वाचायला उपयोगाचा नाही हे माहीत असूनही डोळ्याला लावला, आणि बोट पुन्हा त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"सायले," ती म्हणाली, "आजून एकदा वाच. मंग जाऊ."